डबे पाडणारे युसुफचाचा

युसुफचाचा आतार कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत, आणि नेलेला डबा आधी पाडून दाखवल्याशिवाय देत नाहीत. ईदला आमच्या कामथडीच्या घरी शीरखुर्मा येतो तो असा: चाचा दारात उभे राहतात, कडीचा स्टीलचा डबा छातीपर्यंत उचलतात आणि सोडून देतात. धाडकन आवाज होतो. आमचं कुत्रं परड्यात पळतं. मग चाचा वाकून झाकणाच्या कडेवरून बोट फिरवतात आणि बोट कोरडं निघालं की माझ्या बायकोला म्हणतात, "घ्या सूनबाई. थेंब न्हाई सांडला."

"चाचा, नुसता हातात दिला असता तरी चाललं असतं हो," ती म्हणते.

"हातात काय, कुनीबी दिल. पडल्याबिगर डब्याचं गुण कळत न्हाईत."

चाचा भोरचे. खोक्यांवर आणि पोत्यांवर शिक्के मारायची पातळ शाई बनवण्यात त्यांची हयात गेली. मी कामथडीत प्लास्टिकच्या पिशव्यांवर छापायची जाड शाई बनवतो. म्हणजे गावातल्या चार बायका बनवतात आणि मी त्यांच्या मधेमधे करतो. आमच्यासारख्या किरकोळ रंगवाल्या-शाईवाल्यांची एक संघटना आहे. चाचा तिचे अध्यक्ष, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. आणि मी सेक्रेटरी, कारण निवडीच्या सभेला मी गेलो नव्हतो.

रंग आणि शाई पेटणारा माल. तो जहाजानं परदेशी जातो तेव्हा कुठल्या डब्यात घालायचा, वर कोणती खूण लावायची, हे सगळ्या जगासाठी एक समिती ठरवते. ती बसते जिनिव्हात. भोर तालुक्यात जिनिव्हाचं नाव चाचांइतकं कुणी घेतलं नसेल. किकवीच्या थांब्यावर एसटी थांबली नाही, की "जिनिव्हाला कळवाया पायजे." एका लग्नात वरण फार पातळ झालं, तेव्हाही चाचांनी जिनिव्हाला कळवायचं ठरवलं. जिनिव्हा म्हणजे मुलाकडची कुणी मानाची आत्या असावी असं वाटून मुलीच्या बापानं घाईघाईनं आमच्या पंगतीत जिलेबी फिरवली. मी दोनदा घेतली.

तर एके दिवशी समितीच्या नव्या नियमांचा मसुदा आला. संघटनेत इंग्रजी वाचायचं काम माझं. मी तो तीनदा वाचला आणि चाचांना फोन करून सांगितलं, "काही विशेष नाही." चाचांनी तो भाच्याकडून वाचून घेतला आणि तडक कामथडीला आले.

"सेक्रेटरी, तुमचा कारखाना बंद हुतोय आन् तुमी म्हंता इशेष न्हाई?"

विशेष असं होतं: जाड असो की पातळ, शाईच्या लहान डब्यांनाही यापुढे महागडं, चाचणीचा शिक्का असलेलं पॅकिंग लागणार होतं. माझे डबे, आणि चाचांचेही, आफ्रिकेतल्या एका व्यापाऱ्याकडे जात. शाईपेक्षा डबा महाग झाला की तो दुसरीकडून घेणार. म्हणजे मला कुलूप, आणि त्या चौघींना पुन्हा लोकांच्या रानात भांगलायला जाणं.

मी हाय खाल्ली. चाचांनी डबे काढले.

पुढचे कित्येक दिवस आम्ही माझ्या शाईचे भरलेले डबे पाडत होतो. उभे, आडवे, कोपऱ्यावर. टेम्पोत घालून नसरापूरहून वेल्ह्यापर्यंत नेऊन आणत होतो, कारण "ह्यो रस्ता सोसला तर दर्या काय चीज हाय." एक डबा माझ्या पायावर पडला. अंगठा मोडला. चाचांनी आधी डबा उचलून चारी बाजूंनी पाहिला. "डब्याला कायबी झालं न्हाई," ते समाधानानं म्हणाले, आणि मग मला दवाखान्यात नेलं. प्लास्टर होईपर्यंत बाकावर बसून राहिले, ते मात्र खरं.

मुंबईत मोठ्या कारखानदारांची बैठक होती. जिनिव्हाला आपल्या उद्योगाचं म्हणणं मांडायला जाणाऱ्या बाई तिथं सगळ्यांचं ऐकून घेणार होत्या. डबे घेऊन एसटीनं जायला चाचांनी साफ नकार दिला. "पेटनारा माल मानसांच्या गाडीत न्हाई चालत." आम्ही माझ्या टेम्पोनं गेलो, मागं ज्वाळेच्या चित्राची लाल खूण लावून. ती पाहून इमारतीच्या रखवालदारानं टेम्पो फाटकाबाहेरच अडवला. मी चिडलो. चाचांनी उतरून त्याच्याशी हात मिळवला. "शाना हाय गडी," म्हणाले, "खूण वाचतो."

आता माझी कामगिरी. वाटेत चहाला थांबलो तेव्हा मला रंगाची शंका आली, म्हणून मी दाखवायचा डबा उघडून पाहिला होता. रंग बरोबर होता. झाकण मी परत बसवलं, पण अंगठ्यानं दाबून. शाईच्या धंद्यात कालच्या पोरीलाही माहीत असतं की झाकण लाकडी हातोडीनं कडेकडेनं गोल ठोकून बसवायचं. आमच्या चौघींपैकी कुणी ते विसरली तर मी तिला व्याख्यान देतो.

बैठकीत चाचांनी सगळ्यांना नमस्कार केला, डबा छातीपर्यंत उचलला, "बघा साहेब लोक," म्हणाले आणि सोडून दिला.

झाकण उडून एका साहेबांच्या बुटाला लागलं. माझी जांभळी शाई त्यांच्या गालिच्यावर.

मी डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की माणूस दिसेनासा होतो, अशी माझी लहानपणापासूनची समजूत आहे. कुणीतरी म्हणालं, "झालं. हेच दाखवायचं होतं का?" कुणी हसलं. मग चाचांचा आवाज आला.

"बाई, जरा हितं बसा खाली."

मी डोळे उघडले. चाचा मांडी घालून गालिच्यावर बसले होते, शेताच्या बांधावर बसावं तसे. त्या बाईही बसल्या, पदर सावरून. मग एकेक साहेब वाकले.

"झाकान उडालं. त्ये आमच्या सेक्रेटरीच्या हातचं, त्याचं सोडा. पर शाई बघा. कुठं पळती का?"

शाई पळत नव्हती. गोठ्यात बसलेल्या म्हशीसारखी जिथं पडली तिथंच बसून होती. चाचांनी बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेच्या कागदानं ती उचलून डब्यात परत घातली. गालिच्यावर राहिला तो डाग, आणि तो आजही असेल.

"हिला दर्यात न्ह्यायला यवढा बंदोबस्त कशाला?" चाचा म्हणाले. "साधा डबा द्या, झाकान नीट ठोका, बास."

बाईंनी त्या डागाला बोट लावून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे लहान डब्यातल्या सगळ्याच शाईला सवलत मागू या का? एकदमच मागता येईल."

मी मान डोलवायला सुरुवात केली होती.

"न्हाई," चाचा म्हणाले. "पातळ शाईला नगं. ती पान्यावानी पळती आन् पळता पळता पेटती. तिला पक्का डबा पायजे, खूणबी पायजे. लहान असू दे न्हाईतर मोठा."

मी त्यांच्या कानाशी लागलो. "चाचा, तुमचा माल पातळ आहे!"

"म्हाईत हाय. गप ऱ्हावा."

बाईंनी तसंच मांडलं. कागद किती टेबलांवरून फिरले कोण जाणे, पण शेवटी जाड शाईच्या लहान डब्यांना सवलत मिळाली. आफ्रिकेच्या व्यापाऱ्याकडे माझा माल रवाना झाला. चौघींनी कारखान्यात नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा चाचांसाठी बाजूला काढला. आज मी जे दोन घास खातो त्यात तो माणूस आहे, हे मला रोज जेवताना आठवतं. न आठवलं तर बायको आठवण करून देते.

चाचांच्या पातळ शाईला मात्र ते महागडं पॅकिंग परवडलं नाही. त्यांनी काम बंद केलं आणि शाई घोटायचं मशीन न विचारताच माझ्याकडे पाठवून दिलं.

मला वाटलं, म्हातारपणी डोकं फिरलं असेल. तरी आभार मानायला हवेत म्हणून मी पेढे घेऊन भोरला गेलो. मनात भाषण तयार होतं. घराला कडी होती. शेजारचे म्हणाले, चाचा वेल्ह्याला गेलेत. मी टेम्पो तसाच वेल्ह्याकडे काढला.

बाजाराच्या मागं एका घराच्या ओट्यावर चाचा दिसले. समोर त्यांच्याच वयाचा एक माणूस बसला होता. त्याची बोटं एकमेकांना चिकटून आत वळलेली होती आणि गळ्यावरची कातडी जळून चकाकत होती. चाचा त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या लावत होते.

"ह्यो नामदेव," चाचा माझ्याकडे न बघताच म्हणाले. "टेम्पो चालवायचा."

"चाचांचीच शाई व्हती बगा," नामदेव आपण होऊन सांगू लागला. "घाटात गाडी कलंडली आन् पेट घेतला. मानसं धावली बिचारी, घागरी घिऊन. पान्यानं जाळ पसरला. त्यास्नी काय म्हाईत आत काय हाय? वर काय लिवलंच न्हवतं. तवा लिवत न्हवतं कुनी. चाचांचं काय चुकलं?"

"बडबड नगं. मान वर कर."

गळ्याशी गुंडी राहिली होती. तिथली कातडी न दुखवता ती लावायला चाचांना फार वेळ लागला. माझं भाषण कुठं गेलं ते मला कळलं नाही. मी पेढ्यांचा पुडा नुसता पुढं केला.

चाचांनी एक पेढा मोडला, अर्धा नामदेवच्या तोंडात घातला आणि तो गिळेपर्यंत थांबले.

"ग्वाड हाय का?"

"हाय की. कशाचं?"

"ह्या सायबांचा कारखाना चालू ऱ्हायला, त्याचं."

"आन् तुमचा?"

"म्या मोकळा झालो. आता रोज यीन."

"रोज? यवढ्या लांब? कशापाई?"

"गुंड्या कोन लावनार?" चाचा म्हणाले, आणि त्याची बाही आपल्या मांडीवर ओढून घेतली.