आकारमानानुसार शेळी प्रथम

“ताई, नवं काय आलं तर यादीच्या शेपटाला लावायचं. मदी घुसवायचं न्हाई,” निवृत्त होताना आमचे जुने प्रोग्रॅमर केरबाआबा मला म्हणाले होते. परंतु सुबक मांडणी हेच प्रगतीचं लक्षण होय.

सोमाटण्याचं आमचं कार्यालय दूध संकलन यंत्रांसाठी लायब्ररी बनवतं. म्हणजे प्रत्येक केंद्रावरचा प्रोग्रॅम जिला विचारून चालतो, ती सामायिक आज्ञावली. तिथं नावं चालत नाहीत, क्रमांक चालतात. गाय एक, म्हैस दोन. अकरा वर्षं एवढ्यावरच भागलं (यावरून तेव्हाचं मागासलेपण ध्यानात यावं).

यंदा यादीत शेळी आली. कार्यालयप्रमुख अतुलसरांनी यादी आकारमानानुसार लावली: शेळी एक, गाय दोन, म्हैस तीन. बघून डोळे निवले. केंद्रांवर फक्त लायब्ररी बदलली; तिथले जुने प्रोग्रॅम म्हशीला दोनच म्हणत राहिले. मी बोलणार होते, पण हे ठरवायची बैठक नेमकी माझ्या रोजच्या मौनाच्या तासात होती (अपवाद पोथीत सापडला नाही).

निष्पत्ती समाधानकारक. एका सकाळीत ३१२ गाईंच्या शेळ्या झाल्या, ५४० म्हशींच्या गाई. शेळीमागे सरासरी नऊ लिटर दूध. अभिनंदनपत्र टाइप होत आहे.

सगळ्यात जास्त अडली ती पवनानगरच्या चिमाबाईंची एकुलती एक म्हैस. गाईच्या दुधाला म्हशीइतकी सात फॅट म्हणजे भेसळ, आणि तीन दिवस भेसळ म्हणजे सभासदत्व रद्द. काल दुसरा दिवस होता.

“मावशी, मशीन खोटं बोलत न्हाई. गायच हाय ती,” केंद्रचालक हौशीराम म्हणाला.

“मंग ये की धार काढाया! लाथ बसली की कळंल कोन हाय ते!”

मग चिमाबाईंनी मला फोन केला. आवाज उतरला होता. “ताई, उद्या बी दूध परत आलं तर आमी काय करायचं वो?”

“सकाळच्या धारेआधी येते,” मी म्हणाले.

सर म्हणाले, “आपल्याकडे तर चालतंय.” समिती नेमली. तिनं दूध, किटली आणि चिमाबाईंचा स्वभाव तपासण्याची शिफारस केली. म्हैस बघून यावी, असं कुणालाच सुचलं नाही. तुम्ही हसताय. पण ३१२ आणि ५४० वाचताना, हे मोजले कुणी, असं तुम्हीही विचारलं नाहीत.

आज उजाडायच्या कितीतरी आधी जप आटोपला, जुनी लायब्ररी पेनड्राइव्हवर घेतली आणि कुणाला न सांगता पवनानगरच्या जीपमध्ये जाऊन बसले.