पोट विनोदचं, तोंड लालसिंगचं

आपला पोरगा विनोद म्हणजे अख्ख्या तांड्यातला सगळ्यात वेगवान गडी, हे लालसिंगने मेडशीच्या एसटीत कंडक्टरलासुद्धा ऐकवलं होतं! पोलीस भरतीची धाव चार दिवसांवर आली, आणि नेमकं पोराचं पोट बिघडलं. तरी लालसिंग त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन आला तो वरात काढल्यासारखा!

"काय होतंय?" डॉक्टर उज्ज्वलाबाईंनी विचारलं.

"जुलाब," विनोद पुटपुटला. "कालपासून चार झाले."

"चार काहून? धा म्हन!" बाप गरजला. आपला पोरगा कशातच कमी नको!

"रक्त?"

"लय रगत हाये मॅडम! लालभडक!"

"आणि ताप?"

"तापाचं तं इचारूच नका! लहानपनापासून हाये!"

डॉक्टरांचा पेन थांबला. "सिस्टर, अँब्युलन्स बोलवा. याला वाशिमला हलवू."

लालसिंगची छाती फुगली. पोरासाठी खास गाडी! ही बातमी रांगेला सांगायला तो बाहेर धावला.

"मॅडम," विनोद कळवळून म्हणाला, "रगत माह्या अंगातलं सांगून राह्यला बा! अन् ताप म्हंजे मी मास्तरले देल्लेला!"

डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबलं, सगळं पुन्हा विनोदलाच विचारलं. जुलाबात रक्त नाही, अंगात ताप नाही, लघवी साफ. अँब्युलन्स रद्द!

"खाल्लं काय होतंस?"

"बा रोज सकाळी सहा कच्ची अंडी दुधात फेटून पाजते. ताकदीसाठी."

लालसिंगला आत बोलावलं. "अंडी उकडून द्या! हे ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात घाला, दर जुलाबानंतर पेलाभर पाजा. खिचडी, दही चालेल. रक्त दिसलं, ताप आला, लघवी कमी झाली, तर लगेच आणा."

"अन् सलाईन?"

"नको."

"सुई?"

"नको."

"एखांदी गोयी तरी?"

"गोळीही नको. दोन दिवसांत बरा होईल. भरतीत धावेल."

लालसिंगचा चेहरा पडला. पण बाहेर सगळी रांग त्याच्याकडेच बघत होती. त्याने मिशीवरून हात फिरवला.

"पाहा! सुई नाही, गोयी नाही! माह्या पोराले कायचीच गरज नाही पडली!"

"मंग आनलं कायले?" तांड्यातल्या हिरीबाईने बाकावरून विचारलं.

लालसिंग पाकिटावरची बारीक अक्षरं मन लावून वाचू लागला. पाकीट उलटं होतं.