कळमट शब्द पटावर मांडिला त्याची हकीकत

ळ या अक्षरास मोल आठ. घुगऱ्यांचा वास. विहिरीच्या दगडावर कोरलेला शब्द, अर्थ कोणास ठाऊक नाही. हळू, बाळ निजले आहे. ट यास सहा. क आणि म यांस एकेक.

अक्षरे देणारी माय प्रसन्न असो. शके पंधराशे बाहत्तर, विकृतिनाम संवत्सर, ते समयी एक राज्य होते, आणि त्या राज्यात हस्तिदंती सोंगट्यांवर अक्षरे कोरून शब्द जुळवण्याचा खेळ इतका थोर मानीत की माणसाचे नावही पटावरच ठरे. बारशास एखादा अनवट शब्द घ्यावा, आणि त्याच्या सोंगट्या आत्येने फिरवून अधिकात अधिक मोलाचा शब्द मांडावा, आणि सगळ्या सोंगट्या लागल्या तर मोल दुप्पट, मग तेच बाळाचे नाव. म्हणून महाराजांचे नाव खटाटोप, आणि प्रधानपंतांचे टाळाटाळ, आणि उभयतां त्या नावांचा अभिमान वाहत. आत्येहून भारी शब्द सभेत कोणी बोलला तर नाव तेच पडावे, आणि आत्येने पट जन्माचा सोडावा, ऐसा कायदा. मग महाराजांस कन्या जाहली, आणि विहिरीवरचा तो शब्द, कळमट, पटावर आला. आत्यासाहेब, महाराजांच्या वडील भगिनी, कधी हरल्या नव्हत्या, आणि पंत त्यांच्याकडून सदा हरत आले होते. आत्यासाहेबांनी सोंगट्या एकदा फिरविल्या आणि दिसले, मळकट. चारही लागल्या, मोल दुप्पट, बत्तीस.

राणीसाहेबांनीही पाहिले, आणि हळूच बोलिल्या, "वन्सं, हिला अंगणातून हाक मारायची आहे हो मला. जन्मभर."

"वहिनी, मला खेळू द्याल की नाही?" आत्यासाहेब करवादल्या.

मग त्यांनी ट उचलून मुठीत धरिला, आणि उरलेल्या तीन सोंगट्या मांडिल्या. कमळ. मोल दहा. सभेने बोटांवर मोल मोजिले. अंतरपाटाआडून नवरीच्या नावाचे मोल करणारे लोक ते. बत्तीस कोणास दिसले नाहीत ऐसे नव्हते. आणि मग पंत उठले, आणि त्यांचे ओठ मिटून म वर आले.

"काय पंत, दिसतंय काही?" आत्यासाहेब बोलिल्या. "बोला की. इतकी वर्षं वाट पाहिलीत."

पंतांनी पाळण्याकडे पाहिले. मग बोलिले, "डोळे अधू जाहले आमचे, आत्यासाहेब. तीनच सोंगट्या दिसतात."

"आम्हांसही तीनच," महाराज बोलिले.

आणि मग भालदार बोलिले, तीनच, आणि मागच्या रांगेतून आले, तीनच हो, आणि भरल्या सभेत चौथी सोंगटी कोणा एकाच्याही डोळ्यांस दिसेना, ऐसे नवल त्या भूमीने पूर्वी पाहिले नव्हते. मग आत्यासाहेबांनी बाळाच्या कानाशी वाकून नाव सांगितले, आणि बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले, आणि मूठ काही उघडली नाही.

ऐसा तो डाव जाहला. मोल दहा, राज्य राहिले तोवर त्याहून मोठा डाव कोणी सांगत नसे.

आत्यासाहेबांचे पाळण्यातले नाव कटकट.