एवारिस्तोचं अळणी व्रत

"आजपासून आमच्या घरात मीठ बंद!" मांता बंदरातल्या एवारिस्तो न्हाव्याने भर दुकानात जाहीर केलं. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा होता, त्यामुळे त्यानेही लगेच "उत्तम, उत्तम!" म्हटलं.

एवारिस्तोची रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकत नव्हती, तरी आकडा खाली यायचं नाव घेईना. एकाच्या दोन गोळ्या झाल्या. थोरल्या भावाचं अर्धं अंग याच दुखण्याने लुळं पडलेलं. त्यामुळे वरून कितीही फुशारक्या मारल्या, तरी आतून गडी टरकला होता.

बायको झोरायदाच्या मासळीच्या कालवणाला आता पंचा धुतलेल्या पाण्याची चव येऊ लागली. एवारिस्तोने डोळे मिटून महिनाभर ते गिळलं. आणि आकडा? आधीपेक्षा वर!

"तू चोरून मीठ टाकतेस!" तो गरजला.

"मी? अरे, तुझ्यासाठी उकडलेली केळी गाढवसुद्धा खाणार नाही!"

"मग दाब चढतो कसा? मला मारून दुसरा नवरा करायचाय तुला!"

"एकाने जीव नकोसा केलाय, दुसरा कशाला करू?"

खिडकी उघडी होती. गल्लीने हातातली कामं टाकून सगळं ऐकलं.

एवारिस्तोने मिठाची बरणी दुकानातल्या कपाटात कुलूपबंद केली आणि स्वतः रांधायला लागला. तरी आकडा हटेना! शेवटी झोरायदाने त्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर वियाओबाईंनी दाब मोजला आणि सुस्कारा सोडला. "तिसरी गोळी द्यावी लागणार."

एवारिस्तोचा चेहरा पांढराफटक पडला. पोटात गडगडलं. त्याने खिशातून पुडी काढली, टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात रिकामी केली. फस्स!

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही हो, पोटाची पावडर. अळणी खाऊन पोट नगाऱ्यासारखं फुगतं. हे प्यायलं की एक ढेकर आणि काम फत्ते!"

"दिवसातून किती वेळा?"

"जेवल्यावर." झोरायदा रोखून बघत होती. "म्हणजे, जेवणाआधीपण. आणि गिऱ्हाईक नसलं की."

बाईंनी पुडीवरची बारीक अक्षरं वाचली आणि कपाळाला हात लावला. "अहो, यात सोडियम ठासून भरलंय! मिठातलं दाब चढवतं ते हेच. ताटातून काढलंत आणि पेल्यातून प्यायलात! गोळ्यांनी करायचं काय?"

पावडर बंद झाली, गोळ्या होत्या तशाच राहिल्या, कालवणात चिमूटभर मीठ परतलं. पंधरा दिवसांनी बाईंनी दाब मोजला आणि त्या हसल्या. "छान! तिसरी गोळी नको."

एवारिस्तोला वाटलं, छातीवरचा दगड कुणीतरी उचलून समुद्रात टाकला! बाहेर रोग्यांच्या गर्दीत तो झोरायदाच्या कानाशी पुटपुटला, "चुकलो बाई."

"ऐकू नाही आलं. आरोप केलास तेव्हा बरा आवाज होता!"

मग तो छाती फुगवून ओरडला, "लोकहो! माझी बायको निर्दोष आहे!"

टाळ्या पडल्या. पण नर्स धावत आली. "एवढ्याने ओरडतात का? दाब चढेल ना! चला आत!"

पुन्हा पट्टा, पुन्हा हवा. एवारिस्तोने श्वास रोखला. आकडा जागच्या जागी!

"बघ," झोरायदा म्हणाली, "माफी मागून काही होत नाही तुला. रोज मागत जा!"