सहा कर्ण्यांची गाडी

सांगलीचे हळदीचे व्यापारी मदन चौगुले फोनवर एक वाक्य जास्तीचं बोलून बसले. पलीकडे साताऱ्याचे लालासाहेब मगदूम होते. त्यांच्या धवलसाठी मदनरावांच्या श्रद्धाचं ठरत आलं होतं, आणि बोलणं पत्रिकेवरून जुन्या गाड्यांवर घसरलं. दोघांकडे एकाच जातीची, वडिलांच्या हौसेची लाल स्पोर्ट्स कार निघाली. आमच्या गाडीला अजून मूळचं इंजेक्शन, पेट्रोल फवारणारा कंपनीचा पंप आहे, लालासाहेब म्हणाले. मदनराव म्हणाले, मग काय, आमच्याबी.

तसं नव्हतं. तो पंप सांगलीत कुणालाच वठणीवर आणता येईना म्हणून त्यांच्या वडिलांनी कधीच काढून त्याजागी साधे कार्बोरेटर बसवले होते. पंप पोत्यात गुंडाळून माळ्यावर पडला होता. आणि रविवारी मुलगी बघायला येणारे लालासाहेब आधी गाडी बघणार होते.

"पोरगी तरी खरी हाय म्हणून सांगितलंय न्हवं?" त्यांच्या पत्नी गुणमालाबाईंनी विचारलं. "का तिच्याबद्दलबी काय जोडून ठेवलंय?"

मदनरावांनी मलकापूरहून आकारामला बोलावलं. लष्कराच्या वर्कशॉपातून निवृत्त होऊन तो आता ट्रॅक्टरचे डिझेल पंप दुरुस्त करायचा. पंप म्हणजे पंप, असं त्याचं मत होतं.

"आवं आण्णा, रणगाड्याचं पंप म्या डोळं झाकून बसवल्यात."

"ह्याला उघडं ठेव," मदनराव म्हणाले.

आकारामच्या हाताखाली श्रद्धा होती; कार्बोरेटर उतरले, पंप चढला. इंजिनावर हवा ओढून घेणारे अॅल्युमिनियमचे सहा चकचकीत कर्णे आभाळाकडे तोंड करून उभे राहिले. शनिवारी संध्याकाळी किल्ली फिरवली आणि गाडीनं अशी गर्जना केली की अख्खी गल्ली अंगणात आली. मदनरावांना लहानपणीचा तो आवाज ऐकून भरून आलं. चाकामागे बसलेल्या श्रद्धानं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायलाच नकार दिला. मधूनच गाडी खोकत होती, कर्ण्यांतून हवा उलटी फेकत होती, पण ते रस्त्यावर धावली की जातं, असं आकाराम म्हणाला.

रविवारी सकाळी गुणमालाबाई ताट घेऊन आल्या. हळदीच्या गिरणीचा पट्टा बदलला तरी त्या पूजा केल्याशिवाय बटण दाबू देत नसत, मग हे तर अख्खं इंजिन. टायरला, बॉनेटला कुंकू लावून झालं. वर केलेल्या बॉनेटखाली कर्ण्यांची सहा उघडी तोंडं दिसली. त्यांनी प्रत्येकात मूठभर हळद घातली, घरचीच, अव्वल. आकारामनं चपला काढून हात जोडले. मदनरावांनीही जोडले. यात काही चुकतंय असं कुणाच्याच मनात आलं नाही.

पाहुणे आले ते पोह्यांकडे न बघता थेट गाडीपाशी. बाप-लेक कर्ण्यांवर वाकले.

"मूळचंच की हो," लालासाहेब हरखून म्हणाले. "लावा बघू चालू."

मदनरावांनी ऐटीत किल्ली फिरवली. गाडी खोकली. कर्ण्यांतून पिवळा ढग उठला आणि सावकाश खाली बसला, तेव्हा लालासाहेब आणि धवल केसांपासून खिशापर्यंत पिवळे होते. सोयरीक संपली, मदनराव मनाशी म्हणाले.

"अगं बाई," गुणमालाबाईंच्या तोंडून गेलं, "पोरगी बघायच्या आधीच हळद लागली की."

चहाचा ट्रे घेऊन आलेली श्रद्धा आधी हसली. मग धवल. मग त्या दोघांना थांबताच येईना.

लालासाहेबांनी चष्मा पुसला आणि मदनरावांना बाजूला नेलं. आता ते लग्नच मोडणार, या तयारीनं मदनराव उभे राहिले.

"चौगुले, कुणाला सांगू नका," लालासाहेब हळू आवाजात म्हणाले. "माझीबी अशीच खोकते. लय वैतागलोय. ह्या गाडीचे कार्बोरेटर कुठं मिळतील का?"

मागून आकाराम उत्साहानं म्हणाला, "हायत की. ह्याच गाडीचं हायत, परवाच काढल्यात."

मदनराव फरशीकडे बघू लागले. लालासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि पिवळी मिशी हलवत हसत सुटले. "म्हंजे माझ्यासाठी काढलेत? मग झालं. आमाला तेवढे कार्बोरेटर द्या, दुसरं काय नको."

"असे न्हाई मिळायचे," श्रद्धा म्हणाली. ट्रे तिनं मडगार्डवर ठेवला होता. "ते माझ्याबरोबरच साताऱ्याला येतील. बसवणार पण मीच."

हळदीखाली धवल लाल झाला, ते फक्त गुणमालाबाईंना दिसलं.