बंद दिव्याचा उजेड

"डॉक्टरनं माझा डोळा वाया घालवला," केरबांनी दुपारच्या चहाला जाहीर केलं. "दिवा बंद केला तरी मला उजेड दिसतोय."

निशिगंधानं हातातली कपबशी खाली ठेवली. तिच्या सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चार दिवस झाले होते. उजवा डोळा झाला होता, डावा येत्या गुरुवारी व्हायचा होता. त्यासाठी केरबा आणि सासूबाई नेसरीहून, आपल्या गावाहून, शहरात तिच्या फ्लॅटवर राहायला आले होते. त्यांना राजी करत या उजव्या डोळ्यापर्यंत पोचायला तिची दोन वर्षं गेली होती.

शिवाय तो डोळा एकट्या केरबांचा नव्हता. नेसरीत कुठलीही नवी गोष्ट आधी केरबांवर करून बघायची रीत होती. नवं बियाणं आलं की पहिल्यांदा त्यांच्या वावरात, नवं खत आलं की त्यांच्या उसाला, सांधेदुखीचं नवं मलम आलं की त्यांच्या गुडघ्याला. ते टिकले की बाकीचं गाव पुढं सरायचं. आताही शिवलिंग आण्णा, चिमणाबाई, दूध संस्थेचे सेक्रेटरी आणि सेक्रेटरींचे थोरले भाऊ, अशा चौघांनी त्याच दवाखान्यात पुढच्या तारखा घेऊन ठेवल्या होत्या आणि ते केरबांच्या डोळ्याकडे डोळे लावून बसले होते.

"मामा, कुठला दिवा?" निशिगंधानं विचारलं.

"माझ्या खोलीतला. तू बटण बसवलंस त्यो."

ऑपरेशननंतर लख्ख उजेड खुपतो म्हणून तिनं त्या दिव्याला डिमर बसवला होता. स्वतः. ज्युनियर कॉलेजात सोळा वर्षं फिजिक्स शिकवणाऱ्या बाईनं एका गोल बटणासाठी वायरमन बोलवावा, हे तिला पटलं नव्हतं. बटण फिरवलं की उजेड कमी होत जायचा आणि शेवटी टक् असा आवाज झाला की बंद. निदान तिची तशी समजूत होती.

ती खोलीत गेली. दिवा बंद होता. सासूबाईही डोकावून आल्या आणि म्हणाल्या, "कुठला उजेड? यांचं आपलं कायतरीच."

"उजवा डोळा झाकला की जातोय," केरबा म्हणाले. "डाव्यानं दिसत न्हाय. म्हंजे बिघाड उजव्यात. ज्याचं ऑपरेशन केलं त्यातच."

तर्कात खोट काढायला जागा नव्हती. निशिगंधानं जाड पडदे ओढले, दार लावलं आणि खुर्चीवर बसून राहिली. दहा मिनिटांनी डोळे अंधाराला सरावले, तेव्हा तिला दिसलं. छतावरचा एलईडी बल्ब अगदी मंद, साईच्या रंगाचा उजळत होता. बटण बंद होतं. दिवा बंद नव्हता.

तिला इतका आनंद झाला की तिनं तो लगेच सासऱ्यांना सांगितला, आणि तेच चुकलं.

"मामा, तुमचा डोळा उत्तम आहे! दिवाच पूर्ण विझत नाही. मलाही दिसतंय!"

"बटण बंद, आन् दिवा चालू?" केरबांनी काळ्या चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं. "पोरी, तू कॉलेजात हेच शिकवतीस व्हय? माझं मन राखाया खोटं बोलू नगंस."

आणि त्यांनी नेसरीला फोन लावला.

शिवलिंग आण्णांचा आवाज फोनमधून स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता. "मी म्हणलं न्हवतं? तारीख रद्द करतो बघ!" पाच वाजेपर्यंत चिमणाबाईंनी तारीख रद्द केली. साडेपाचला सेक्रेटरींनी. सेक्रेटरींच्या थोरल्या भावांनी नुसती रद्द केली नाही, दवाखान्यात फोन करून चार शब्द सुनावलेही. कऱ्हाडला ड्युटीवर असलेल्या नवऱ्यानं, धैर्यशीलनं, निशिगंधाला मेसेज पाठवला, 'मेन स्विच बंद करून बघ.' तिनं फोन उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाळासोला बोलावलं. बाळासो या इमारतीचा पहिल्यापासूनचा वायरमन. साठीला आलेला, कामात भारी, बोलण्यात त्याहून भारी. त्याच्याकडे एकच उपकरण होतं, टेस्ट लॅम्प. होल्डरमध्ये शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब आणि त्याला दोन वायरी. ज्या वायरीवर शंका, तिला लावायचा. बल्ब पेटला तर करंट, नाही तर नाही.

"वैनी, समदं सांगतो हा लॅम्प. खोटं बोलत न्हाय." त्यानं शिडीवर चढून छतावरच्या दिव्याच्या दोन टोकांना लॅम्प जोडला आणि कपाळावरची बॅटरी विझवली. "पडदे वडलेत न्हवं? बघा. लॅम्प पेटला? न्हाय. फॉल्ट न्हाय."

पलंगावरून केरबा ओरडले, "अरं, गेला! उजेड गेला!"

"गेला म्हंजे नव्हताच, आबा," बाळासो म्हणाला. लॅम्प काढला, शिडी खांद्यावर टाकली, चहा घेतला आणि निघून गेला.

पाचव्या मिनिटाला खोलीतून हाक आली. "निशिगंधा! परत आला!"

मग केरबांनी नवा निष्कर्ष काढला. "वायरमन खोलीत असला की माझा डोळा चांगला, गेला की बिघडतोय. म्हंजे डोळ्यालाबी कळतंय, कोण आलंय ते." हे त्यांनी नेसरीलाही कळवलं.

निशिगंधा कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मल्टिमीटर घेऊन आली. बटण बंद करून दिव्याच्या दोन टोकांना लावला. ब्याण्णव व्होल्ट. तिनं बाळासोला परत बोलावून आकडा दाखवला.

"ब्याण्णव?" बाळासोनं मीटर हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ धरला. "ब्याण्णव असतं तर माझा लॅम्प निदान मिणमिणला असता की. ह्यो तुमचा पोरांना खेळवायचा मीटर. माझा लॅम्प तीस वर्सं हाय."

ब्याण्णव व्होल्ट असावेत आणि शंभर वॅटचा दिवा जराही पेटू नये, हे तिलाही पटत नव्हतं. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ बाळासोनं परवानगी असा घेतला. आधी त्यानं बल्ब बदलला. मग डिमरच्या वायरी उलटसुलट केल्या. मग म्हणाला, "घोळ मागूनच येत असंल," आणि हॉलचा बोर्ड उघडला, त्याच्या मागून स्वयंपाकघराचा, त्याच्या मागून देवघराचा. स्क्रू तो डोळे मिटल्यासारखा, नुसत्या बोटांनी चाचपून काढत होता. चार वाजेपर्यंत मिक्सर बंद पडला होता आणि बाथरूमचं बटण दाबलं की हॉलमधला पंखा फिरत होता. केरबांच्या खोलीतला उजेड होता तिथंच होता.

निशिगंधा जमिनीवर, उघड्या बोर्डांच्या मधोमध बसली. सोळा वर्षं. फळ्यावर तिनं किती सर्किट काढली असतील! आता एका बटणापुढं तिला रडू येत होतं. समोर बाळासोचा लॅम्प पडला होता. तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि पाहतच राहिली.

डिमर बंद असतानाही त्यातून थोडासा करंट झिरपतो. तो इतका थोडा असतो, की एलईडी तेवढा मिणमिणतो. मीटर तर करंट जवळजवळ घेतच नाही, म्हणून व्होल्ट दाखवत बसतो. पण बाळासोचा जाड तारेचा लॅम्प जोडला की ते झिरपणं सगळं तोच गिळतो, आणि त्याला त्यानं काहीच होत नाही. लॅम्प फॉल्ट शोधत नव्हता, फॉल्ट बुजवत होता. औषध सकाळीच घरात आलं होतं आणि चहा पिऊन परत गेलं होतं.

घरात तारेचा बल्ब एकच होता, देवघरातला लाल झिरोचा.

"देवाचा दिवा काढलास?" सासूबाई मागे धावत आल्या. "अगं, काय राहिलंय आता या घरात चालू?"

"पाचच मिनिटं, आत्या." तिनं बाळासोकडून तो लाल बल्ब एलईडीच्या जोडीला लावून घेतला. दार बंद, पडदे बंद, टक्. खोलीत काळाकुट्ट अंधार झाला. तिनं सुटकेचा निःश्वास सोडला. "मामा? उजवा डोळा?"

"कायबी दिसत न्हाय."

"डावा?"

"कायबी न्हाय." मग केरबांचा समाधानी आवाज आला. "दोन्ही डोळं सारखं झालं की! मग डाव्याचं ऑपरेशन कशाला?"

निशिगंधानं अंधारात कपाळ भिंतीला टेकवलं. मग, करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून, शिडीवर चढून तिनं चाचपडत लाल बल्ब फिरवून काढला. मंद उजेड परत आला.

"आत्या, तुम्ही इथं बसा. हलू नका. काही दिसतंय?"

थोड्या वेळानं सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई! व्हय की. दिवा मिणमिणतोय. खरंच दिसतोय!"

"तुला दिसतोय?" केरबा उठून बसले. "दोन्ही डोळ्यांनी?"

"दोन्ही."

"मामा, आता तुम्ही उजवा डोळा झाका. डाव्यानं बघा."

केरबांनी उजवा झाकला. मग डावा झाकला. परत उजवा. सुनेचं खोटं असू शकत होतं, पण पन्नास वर्षांत त्यांच्या कुठल्याच म्हणण्याला हो न म्हटलेल्या बायकोचं खोटं असणं शक्य नव्हतं. "म्हंजे उजवा चांगला हाय," ते हळूच म्हणाले. "डावाच गेलाय."

निशिगंधाला दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

"समदी कुठं बघताय?" शिडीशेजारून बाळासोनं विचारलं.

"छताकडं. दिवा, बाळासो."

"कुठला दिवा?"

बाळासोनं मान वर केली, एक डोळा झाकला, मग दुसरा. "वैनी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता, "दिवा खरंच हाय?"

"आहे, बाळासो."

निशिगंधाला आठवलं, घरातले सगळे बोर्ड याच माणसानं उघडले होते, आणि आता बंदही तोच करणार होता.

केरबांनी मात्र उशीखालचा फोन काढला होता. "शिवलिंगा, डोळा झकास हाय माझा! तारखा परत घ्या. चार न्हाय, पाच. आमचा वायरमन बाळासोबी येतोय." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. केरबांनी क्षणभर विचार केला आणि बाळासो असेल त्या दिशेला मान वळवली.

"माझा डावा? गुरुवारी न्हाय रं. पहिल्यांदा बाळासोचं होऊ दे. त्याचं काय होतंय ते बघू, मग माझं."

निशिगंधानं हात लांब करून बटण फिरवलं, दिवा लावला आणि परत बंद केला. टक् झालं. दिवा तसाच मिणमिणत राहिला.