चौथ्या मजल्याचं दांडकं

धोंडिबा नानांच्या घरी जाऊन तुम्ही खुर्चीत जरा तिरपे बसलात, तर नाना तुमच्याशी बोलणार नाहीत. आधी उठतील, तुमच्यासकट खुर्ची सरळ करतील, आपली खुर्ची ओढून तिच्यापुढे मांडतील, एक डोळा मिटून दोन्ही खुर्च्यांच्या मधून बघतील आणि मग बसून म्हणतील, "हां. आता बोला. समोरासमोर."

हा शब्द नानांच्या तोंडात सुपारीसारखा असतो. कपाची बशी पाहुण्याच्या बशीसमोर. जिन्यातल्या चपला भिंतीकडे तोंड करून, जोडीनं. लग्नात पंगत बसली की नाना जेवायच्या आधी पत्रावळी सरकवत फिरतात, का तर समोरच्या रांगेतला माणूस अर्धा इंच डावीकडं गेलाय. एकदा नवरदेवाच्या मामालाच त्यांनी ताटावरून उठवून सरकवलं. मामा रागावला. नाना म्हणाले, "रागवा, पर रांगेत बसून रागवा."

मारुंजीत नानांची बिल्डिंग आहे. खाली नाना एकटे राहतात, वर चार मजले भाड्याने. शेत होतं तेव्हा नानांच्या नांगराचं तास दोरी लावल्यासारखं सरळ असायचं म्हणतात. शेत विकलं, नांगर गेला, बैल गेले, पण डोळ्यातली दोरी गेली नाही. ती आता भाडेकरूंच्या मोटारसायकलींवर पडते.

आमचं घर मागच्या गल्लीत. आमचे आबा मेंढरं राखतात आणि मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे. हे मी कुणी न विचारताही सांगते. बीकॉम, फर्स्ट क्लास. सिमेंट-सळईच्या दुकानात हिशेबाला बसते. नाना मला नावानं हाक मारत नाहीत. "ए बीकॉम!" असं गल्लीभर ओरडतात. मला ते आवडतं. मी शुद्ध बोलते हे मात्र त्यांना खटकतं. "कागदावानी बोलतीस," म्हणतात.

तर कागदाचीच गोष्ट सांगायची आहे.

उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचे टँकर लागतात. कोण किती पाणी वापरतो हे कळावं म्हणून नानांनी प्रत्येक मजल्याला मीटर बसवला. आणि त्याच सुमाराला बंगळूरला गेलेल्या एका भाडेकरूनं आपला जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर नानांकडेच टाकला. जाताना त्यानं नानांना एक शीट करून दिली. मागचं रीडिंग लिहायचं, आत्ताचं लिहायचं, वजाबाकी कॉम्प्युटर करणार, शेजारी रंगीत आडवे पट्टे उमटणार. जास्त पाणी, लांब पट्टा. नाना त्याला दांडकं म्हणतात.

दर रविवारी सकाळी नाना मीटर वाचत जिना चढायचे, खाली येऊन एका बोटानं टाईप करायचे आणि छापलेला कागद जिन्याखाली चिकटवायचे. आणि दर रविवारी सगळ्यांत लांब दांडकं निघायचं चौथ्या मजल्याचं.

चौथ्यावर दोन पोरं राहतात. कंपनीत नोकरी, दिवसभर बाहेर. त्यातला सौरभ बिहारचा, लाजाळू. तो हात जोडून खाली आला.

"अंकल, हम दो ही लोग हैं. नहाते भी ऑफिस के जिम में हैं."

"मंग पानी कोन पीता है? भूत?" नानांनी कागदावर बोट ठेवलं. "ह्ये देखो. तुम्हारा रांग, तुम्हारा दांडका. समोरासमोर."

महिनाअखेर दांडकं आखूड झालं नाही तर खोली खाली करायची, असं नानांनी बजावलं. पोरगा माझ्या दुकानात आला. दीदी, उस चार्ट में कुछ गड़बड़ है, आप देख लो, म्हणाला. आजूबाजूला एवढे इंजिनीअर राहत असताना तो माझ्याकडे आला, म्हणजे मी जाणारच.

रविवारी संध्याकाळी गेले. आधी खुर्ची सरळ झाली. मग मी कागद बघितला आणि मला काहीच कळेना. डावीकडे मजल्यांची नावं. चौथा सगळ्यांत वर, तळमजला सगळ्यांत खाली. पुढच्या रकान्यात वापराचे आकडे असायला हवेत, तिथं नुसत्या ####. त्याच्या शेजारी दांडकी.

"नाना, हे काय? आकडे कुठायत?"

"ती जाळी हाय. आकडं झाकतंय त्ये. बरं हाय की, लोकांची खाजगी गोष्ट."

"झाकत नाही नाना. रकाना अरुंद आहे, आकडा मावत नाही."

"अरुंद मीच केला. न्हाईतर दांडकी पानाभाईर जात्यात."

मी रकाना रुंद केला. आकडा दिसायच्या आधी सगळा चार्ट उजवीकडे सरकला आणि नाना किंचाळले, "आगं, धर त्याला!" छापून बघितलं तर नावं एका कागदावर आणि दांडकी दुसऱ्या कागदावर, कुणाच्याच समोर नाहीत. नाना दोन्ही कागद हातात धरून नवऱ्यामुलाकडच्या आणि मुलीकडच्या लोकांची ओळख करून द्यावी तसे एकमेकांना दाखवत बसले. मी गपचूप रकाना पहिल्यासारखा केला.

"आणि नाना, दांडक्यांना नावं का नाहीत?"

"होती. पुसली. तक्त्यात नावं हायेत, परत दांडक्याला कशाला? एका मान्साला दोन आधार कार्ड आस्त्यात व्हय?"

इथं माझ्या डोक्यात कुठंतरी घंटा वाजली, पण कोणती ते कळेना. कॉलेजात आम्हाला चार जणींत एक कॉम्प्युटर होता. माउस माझ्या वाट्याला क्वचित यायचा. तरी एक गोष्ट मी शिकले होते. कळत नसलं की खोटा आकडा घालून बघायचं. मी चौथ्या मजल्याच्या रीडिंगमध्ये एक भलामोठा आकडा घातला.

खालचं दांडकं वाढलं. तळमजल्यासमोरचं.

मी आकडा काढला. खालचं आखडलं. परत घातला. परत खालचंच वाढलं.

"नाना, बघा. पाणी चौथ्याला घातलं आणि वाढलं तळमजल्याचं."

नाना शांतपणे म्हणाले, "मंग? पानी खालीच येनार की. बरोबर हाय."

मला दोन मिनिटं तेच बरोबर वाटलं.

मग मी समजावू लागले. कॉम्प्युटर आडवी दांडकी खालून वर रचतो. शीटमधली पहिली ओळ चार्टमध्ये तळाला जाते. तुमची पहिली ओळ चौथा मजला आहे. म्हणजे चौथ्याचं दांडकं खाली आहे आणि वर दिसतंय ते चौथ्याचं नाहीच.

"म्हंजे बिल्डिंग उलटी केली त्यानं?"

"फक्त चार्टमध्ये."

"तुमी कुटल्याबी इंजिनेरला इचारा, पाया वर आस्तो का?"

"मग तुम्ही शीटमध्ये तळमजला आधी लिहा. की चार्ट आपोआप सरळ."

नानांनी लिहून बघितलं. आता चार्टमध्ये तळमजला तळाला आला, पण शीटमध्ये तो डोक्यावर बसला. नाना खुर्चीतून उठले. "आता ही उलटी झाली! एक बाई सुलटी उभी आन येक डोक्यावर उभी, आन दोगी मला म्हनत्यात आमी समोरासमोर हाय!"

त्यांनी सगळं पुसून पुन्हा चौथा वर लिहिला. मी म्हणाले, मग कागदच उलटा चिकटवा. ते म्हणाले, नावं उलटी दिसतील. मी म्हणाले, लोकांना सांगा खालून वर वाचायला. ते म्हणाले, तूच वाच, तू बीकॉम. नानांनी चहा केला, तोही गार झाला. वर कोण, खाली कोण, हे आता आम्हा दोघांनाही सांगता येईना. नाना दाराबाहेर जाऊन स्वतःच्या बिल्डिंगकडे खालून वर बघून आले. खात्री करायला.

पुढच्या रविवारपर्यंत मी दुकानात गिऱ्हाईक नसताना खटपट करून शोधून काढलं. चार्टच्या त्या बाजूच्या रेघेवर क्लिक केलं की आत एक छोटी चौकट असते, क्रम उलटा करण्याची. तिच्यात खूण करायची, बस. मी रुबाबात गेले, खुर्ची स्वतःच सरळ केली आणि ती खूण केली.

दांडक्यांनी कोलांटी मारली. लांब दांडकं वरून निघालं ते तळाला जाऊन बसलं. मी आकड्यांची अक्षरं बारीक केली, जाळी उघडली, आतून खरे आकडे बाहेर आले. नाव, आकडा, दांडकं, सगळं एका दोरीत. आयुष्यात इतकं समोरासमोर काही बघितलं नव्हतं.

सगळ्यांत लांब दांडकं तळमजल्यासमोर होतं. तळमजल्यावर नाना राहतात. एकटे.

मी नानांकडे बघितलं. नाना मागच्या खिडकीकडे बघत होते. मागं काही नाही, पार्किंगच्या पलीकडे एक जुनी दगडी डोण आहे, जनावरांना पाणी पाजायची. बैल होते तेव्हाची. नाना ती शोसाठी ठेवलीय म्हणतात.

"बीकॉम," ते हळूच म्हणाले, "परत उलटं कर."

"नाना, आता तर सुलटं झालंय!"

"व्हय. दिसतंय." मला वाटलं, आता कागद फाडतील आणि चौथ्याची खोली खाली करतील. पण त्यांनीच प्रिंटरचं बटण दाबलं. कागद बाहेर आला तसा तो स्वतः जिन्याखाली नेऊन चिकटवला, कड भिंतीच्या कडेला जुळवून. मग धापा टाकत चौथ्या मजल्यावर गेले आणि सौरभला म्हणाले, "राव्हा. तुमारा दांडका आखूड है. मेरा चुक्या."

तास-दीड तासात सगळी बिल्डिंग कागदापाशी. "अंकल, सबसे ज़्यादा तो आपका है!" नानांनी मान ताठ केली आणि जाहीर केलं, "मला उनाचं लई व्हतंय. मी दिवसभर आंगूळ करतो." पोरं हसून लोळली. तेव्हापासून नानांचं नाव पडलं नहानेवाले अंकल. ज्या माणसानं नवऱ्याच्या मामाला पंगतीतून उठवलं, त्यानं हे नाव काही न बोलता घेतलं, याचं मला आश्चर्य वाटत राहिलं. कारण नानांना मी ओळखते. थंडी असो, ऊन असो, त्यांचा अंघोळीचा तांब्या मोजका.

पुढं एकदा दुकान-मालकाच्या घरी लग्न निघालं आणि मला दुपारीच सुट्टी मिळाली. मागच्या बाजूनं घरी चालले होते. नानांच्या भिंतीपलीकडून घुंगरांचा आवाज आला. ओळखीचा. आमच्या काळी नावाच्या मेंढीच्या गळ्यातला.

भिंतीला जिथं वीट पडलीय तिथून बघितलं. आबा उकिडवे बसून तंबाखू मळत होते. डोण काठोकाठ भरलेली, नळी चालू आणि आमची सगळी मेंढरं तिच्यावर तुटून पडलेली. नाना मधोमध उभे, धोतर ओलं.

"हिकडून पाच, तिकडून पाच! समोरासमोर! ए काळे, तू कुटं घुसतीस? रांगेत ये की गं बये!"

मेंढरांनी ढुंकूनही बघितलं नाही. एकीच्या पाठीवर दुसरी, तिसरीचे दोन्ही पाय डोणीत. नानांनी दोघा-तिघींना ओढून बघितलं, मग सोडून दिलं. "बरं, पी. तशीच पी," म्हणाले आणि काळीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, पाणी पिऊन होईपर्यंत. वाकड्या रांगेसमोर नाना इतका वेळ गप्प उभे राहिलेले मी पहिल्यांदा पाहिले. मी हाक मारली नाही.

रात्री जेवताना आबांना विचारलं, "तुम्ही तर मेंढरं ओढ्यावर पाजता म्हणत होता."

आबांनी भाकरी खाली ठेवली. "वढा कुटं ऱ्हायलाय? नानाच्या शेतातनं जात व्हता. शेत इकलं, सोसायटी झाली, भिताड आलं. वढा भिताडाच्या आत गेला. नाना म्हनला, आरं, म्या जमीन इकली, तुज्या मेंढरांचं पानी इकलं न्हवतं. आन रोज हिकडं."

"मला का नाही सांगितलं?"

"त्योच म्हनला, तुज्या लेकीला सांगू नगं. शिकल्याली हाय, तिला उपकार वाटंल, बंद करील." मग हसले. "म्या म्हनलं, उपकार कसला. मेंढरं न्हाई आली तर त्यो दुपारचा कुनाशी बोलनार? रोज आमच्या काळीला इचारत आस्तो, वढा आठवतो का गं?"

मी बंद केलं असतं का? कदाचित केलं असतं. मी आहेच तशी.

त्या रविवारी मी संध्याकाळची वाट न बघता दुपारीच नानांकडे गेले. रीडिंगं भरली, दांडकी उमटली. तळमजल्याचं होतं तेवढंच लांब. नाना माझ्या खांद्यावरून बघत होते.

"बीकॉम, ह्ये जरा आखूड करायची काय चौकट आस्ती का?"

"नाही नाना. अशी चौकट नसते."

"बरं. ऱ्हाऊ दे मंग."

तेवढ्यात मागून घुंगरं वाजली. नाना ताडकन उठले, दोरीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बस. मी जरा आंगूळ करून आलो."

मी कॉम्प्युटरकडेच तोंड ठेवलं. खिडकीकडे अजिबात बघितलं नाही.

"करा नाना," मी म्हणाले. "लई ऊन हाय. सावकाश करा."

नाना दारात थांबले. मी कागदावानी बोलले नव्हते, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. मग परत आत आले, माझी खुर्ची माझ्यासकट ओढली आणि मागच्या खिडकीसमोर सरळ करून ठेवली.